जुनी निम मॉड्यूलं: हाताळायची कशी, जपायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाला एका मोठ्या संस्थेकडून दोन निम बिन (निम म्हणजे अणुभौतिकीच्या प्रयोगांतल्या इलेक्ट्रॉनिक्सचं ठरावीक मानक, आणि बिन म्हणजे मॉड्यूलं बसवायची, त्यांना वीज पुरवणारी खणांची चौकट) आणि चौदा मॉड्यूलं मिळाली. तीन वर्षं ती कपाटात पडून होती. यंदा सिलिकॉन डिटेक्टर लावून अल्फा कणांची ऊर्जा मोजणारा अल्फा स्पेक्ट्रोमीटर उभा केला. पहिल्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याने किरणोत्सारी सोर्स बदलण्यासाठी चेंबर उघडलं, बंद केलं, आणि त्यानंतर ऑसिलोस्कोपवर नुसती सपाट रेघ. बायस, म्हणजे डिटेक्टरला दिलेला व्होल्टेज, ६० व्होल्टवर होता. चेंबर उघडण्याआधी तो उतरवला होता का, हे कुणालाच नक्की आठवत नाही. विभागातल्या मॅडम विचारतात: ही उपकरणं इतकी नाजूक असतात का? मुलांच्या हाती द्यावीत का? आणि सांभाळायची कशी?

मॅडम, मुलांच्या हाती जरूर द्या. मी तीस वर्षं मुंबईत डिटेक्टरच्या कामात काढली. या काळात जेवढी मॉड्यूलं मेलेली पाहिली, त्यातली फार थोडी चालता चालता गेली. बाकीची गेली ती बिनमध्ये घालताना, काढताना, केबल जोडताना-सोडवताना किंवा वीज गेली-आली तेव्हा. म्हणजे दोष हाताच्या सवयीत आणि कामाच्या क्रमात होता. ते शिकवता येतं, आणि एम.एस्सी.च्या वयात शिकलेला क्रम आयुष्यभर हातातून जात नाही.

सपाट रेघ म्हणजे बहुधा प्रीअँप, डिटेक्टरचा बारीक सिग्नल वाढवणारा पहिला टप्पा, गेला. तो कसा गेला ते आधी बघू, कारण त्यात निम्मं उत्तर आहे.

सिलिकॉन डिटेक्टरला बायस एका मोठ्या रोधातून मिळतो, सहसा १०० मेगाओमच्या आसपास. त्याच बिंदूवरून एक कपॅसिटर, समजा ०.०१ मायक्रोफॅरडचा, सिग्नल पुढे प्रीअँपमधल्या फेटच्या (एका जातीच्या ट्रान्झिस्टरच्या) गेटवर, म्हणजे इनपुटवर, नेतो. नेहमीच्या कामात या कपॅसिटरच्या एका अंगाला ६० व्होल्ट आणि दुसऱ्या अंगाला, म्हणजे गेटवर, जवळपास शून्य असतं. सगळं शांत असतं. आता चेंबरचं झाकण उघडलं आणि ट्यूबलाइटचा उजेड डिटेक्टरवर पडला. सिलिकॉन डिटेक्टर हा मुळात एक मोठा फोटोडायोडच. गळतीचा प्रवाह क्षणात कित्येक पटींनी वाढतो, १०० मेगाओमच्या रोधाला तो पुरवता येत नाही, आणि डिटेक्टरवरचा व्होल्टेज धाडकन खाली येतो. कपॅसिटरवरचा व्होल्टेज मात्र झटकन बदलत नाही, त्यामुळे ती सगळी ६० व्होल्टची उडी गेटवर जाते. जुन्या प्रीअँपमध्ये टू-एन-४४१६ जातीचे फेट सर्रास दिसतात. त्यांच्या गेटची मर्यादा ३० व्होल्ट. पुढचं सांगायला नकोच.

बायस चालू असताना डिटेक्टरची केबल काढून पुन्हा लावली तरी हेच होतं. बायसच्या बिंदूवर ६० व्होल्ट साठलेले, डिटेक्टर मोकळा झालेला. जोडल्याबरोबर तो बिंदू खाली खेचला जातो आणि गेटला तसाच झटका बसतो. म्हणून "एक सेकंद केबल काढून बघू" हे वाक्य ऐकलं की मी अजूनही खुर्चीतून उठतो.

उपाय साधा आहे आणि त्याचं गणितही सोपं आहे. १०० मेगाओम गुणिले ०.०१ मायक्रोफॅरड म्हणजे १ सेकंदाचा कालांक (टाइम कॉन्स्टंट). पाच कालांकांत व्होल्टेज एका टक्क्याच्याही खाली येतो. बायस शून्यावर आणा, सावकाश दहा अंक मोजा, मग झाकण किंवा केबलला हात लावा. गॅमा किरणांसाठीच्या जर्मेनियम डिटेक्टरच्या बाबतीत रोध गिगाओमच्या घरात असतात, शिवाय बायसच्या वाटेवर वेगळे फिल्टर असतात, तिथे दहा अंक पुरत नाहीत. पाच मिनिटं थांबायचं. बायस चढवतानाही तेच: सिलिकॉनला दहा-दहा व्होल्टच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर गळतीचा आकडा बघायचा, तो स्थिरावला की पुढे. गळती ०.१ मायक्रोअँपिअर असेल तर १०० मेगाओमवर १० व्होल्ट पडतात, म्हणजे डायलवर ६० दिसतात तेव्हा डिटेक्टरला ५० मिळतात. हा आकडा रोज वहीत उतरवा. पावसाळ्यात तो वाढायला लागला की डिटेक्टरची कड किंवा कनेक्टर ओलसर झालाय हे पल्स बिघडायच्या आधी कळतं.

प्रीअँपच्या बाबतीत आणखी एक ठिकाण जपायचं. त्याला वीज मिळते ती अँप्लिफायरच्या मागच्या नऊ पिनांच्या डी आकाराच्या कनेक्टरातून. त्यात ±१२ आणि ±२४ व्होल्ट असतात. बिन चालू असताना हा कनेक्टर काढू-घालू नका. तिरका बसला की एक बाजू आधी मिळते आणि दुसरी नंतर, आणि तेवढ्या वेळात प्रीअँपच्या आतलं संतुलन एका टोकाला जातं. कनेक्टरचे दोन्ही स्क्रू आवळायलाच हवेत. केबलच्या वजनाने तो लोंबत राहिला तर प्रयोगाच्या मधोमध निसटतो.

आता क्रम. सुरू करताना: बिनची वीज, मग मॉड्यूलं गरम व्हायला अर्धा तास, मग उच्च दाब (हाय व्होल्टेज) किंवा बायस, तोही शून्यापासून. बंद करताना बरोबर उलटं: आधी बायस शून्यावर, मग थांबणं, मग बायसचा स्विच, शेवटी बिन. हा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून बिनच्या वरच्या पट्टीवर चिकटवा. भिंतीवर नको, भिंतीकडे कुणी बघत नाही.

आपल्याकडे या क्रमाला खरा धोका वीज जाण्याचा. एकदा आमच्याकडे रात्री वीज गेली तेव्हा जर्मेनियम डिटेक्टर ३५०० व्होल्टवर होता. रात्रपाळीच्या मुलाने सगळं तसंच ठेवलं. तासाभराने वीज आली तेव्हा जुन्या धाटणीचा तो उच्च दाबाचा पुरवठा डायलवरच्या आकड्यावर थेट चढला. सकाळी प्रीअँपचं आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटलेलं होतं. जर्मेनियम डिटेक्टरचा फेट थंड भागात, निर्वाताच्या आत बसवलेला असतो. तो बदलायचा म्हणजे अख्खा डिटेक्टर उत्पादकाकडे पाठवायचा, आणि त्यात आमचे कित्येक महिने गेले. तो मुलगा हुशार होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते सांगणं माझं काम होतं. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला: दिवे गेले की टॉर्च घेऊन पहिलं काम म्हणजे बायसचा डायल शून्यावर फिरवणं आणि स्विच बंद करणं. उच्च दाबाच्या पुरवठ्याला "वीज परतल्यावर आपोआप चालू होऊ नये" अशी सोय असेल तर ती वापरा, नसेल तर पुरवठ्याच्या आधी एक पुश बटणाचा कॉन्टॅक्टर लावून घ्या. कुठलाही इलेक्ट्रिशियन तो तासाभरात लावून देईल. वीज गेली की तो सुटतो आणि कुणी हाताने दाबल्याशिवाय परत लागत नाही.

मॉड्यूल घालण्या-काढण्याकडे वळू. निम हे मानक १९६४ साली अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या पुढाकाराने आलं, आणि त्याची थोरवी हीच की सत्तरच्या दशकातलं मॉड्यूल आजच्या बिनमध्ये सरळ बसतं. एका बिनमध्ये बारा खणांची जागा, एक खण १.३५ इंचाचा, मागे ४२ जागांचा कनेक्टर. मुंबईतल्या पेलेट्रॉनसारख्या, १९८८ पासून चालू असलेल्या प्रवेगकावर कित्येक पिढ्यांचे विद्यार्थी याच खणांमध्ये शिकले. पण बसतं म्हणून ढकलायचं नसतं.

मी मुलांना असं दाखवायचो. बिन बंद. तीस सेकंद थांबायचं, पुरवठ्यातले कपॅसिटर रिकामे होऊ द्यायचे. मॉड्यूल दोन्ही हातांनी धरायचं, एक हात खाली, एक मागच्या बाजूला. कनेक्टरच्या पिना उजेडात डोळ्यांसमोर धरून बघायच्या: एकही वाकडी नाही ना, आत कचरा नाही ना. मग खालची-वरची कड बिनच्या रुळांत टेकवायची आणि मॉड्यूल हलकेच आत सरकवायचं. शेवटच्या बोटभर अंतरावर ते अडतं. तिथे कनेक्टरच्या टोकाच्या मार्गदर्शक पिना आपली जागा शोधत असतात. या ठिकाणी जोर लावायचा मोह होतो. लावू नका. दोन्ही अंगठे पुढच्या पट्टीच्या वर आणि खाली ठेवून सारखा, सरळ दाब द्या. नीट बसलं की एक दबका, भरीव आवाज येतो आणि पट्टी बिनच्या कडेशी सपाट होते. तो आवाज ओळखीचा झाला की काम झालं. अडलं तर बाहेर काढून पुन्हा बघा. मग वरचा आणि खालचा स्क्रू आळीपाळीने थोडा थोडा आवळा. आधी एकच पूर्ण आवळला तर मॉड्यूल तिरकं होतं आणि मागचा कनेक्टर ताणावर राहतो. काढतानाही दोन्ही स्क्रू आळीपाळीने सैल करायचे आणि पट्टीच्या कडांना धरून ओढायचं. पुढच्या नॉबला किंवा बीएनसीला (सिग्नलची केबल जोडायच्या गोल कनेक्टरला) धरून मॉड्यूल ओढणाऱ्याचा हात मी जागच्या जागी थांबवलेला आहे.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. निमच्या मागच्या कनेक्टरमध्ये दोन पिना मुख्य विजेसाठी राखलेल्या असतात. मूळ मानकात तिथे ११७ व्होल्ट एसी आहे. म्हणून बिनचा प्लग भिंतीत असताना रिकाम्या खणात बोट, स्क्रूड्रायव्हर, ब्रश काहीही घालू नका, स्विच बंद असला तरी नको. आणि तुमचे बिन परदेशी बनावटीचे असतील तर मागची ११५/२३० ची कळ कुठे आहे ते आजच बघा. ११५ वर राहिलेली कळ आणि आपले २३० व्होल्ट एकत्र आले तर फ्यूज तरी जातो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर.

बिन भरायच्या आधी हिशोब मांडा. १६० वॅटच्या बिनमध्ये सहसा ±६ व्होल्टवर १० अँपिअर, ±१२ वर ३ आणि ±२४ वर १.५ अँपिअर मिळतात. हे आकडे गुणून बेरीज केली तर २६४ वॅट होतात, म्हणजे पुरवठ्याच्या सगळ्या रेषा एकाच वेळी पूर्ण वापरता येत नाहीत. प्रत्येक मॉड्यूलवर किंवा त्याच्या पुस्तिकेत कोणत्या रेषेवर किती मिलिअँपिअर लागतात ते दिलेलं असतं. कागदावर सहा रकाने करा, बेरीज करा, ती तीन चतुर्थांशाच्या आत ठेवा. काही जुन्या बिनमध्ये ±६ व्होल्ट नसतातच, हेही तपासा. नाहीतर लॉजिक मॉड्यूल "मेलं" म्हणून बाजूला टाकाल आणि ते बिचारं उपाशी असेल. पुरवठ्याच्या पुढच्या पट्टीवर तपासणीची छिद्रं असतात. महिन्यातून एकदा सगळी मॉड्यूलं चालू असताना मल्टीमीटरने सहाही व्होल्टेज मोजा आणि लिहा. २४ चे २३.६ झालेले दिसले तर पुरवठा थकतोय किंवा कुणीतरी जास्त खातंय. एक-एक मॉड्यूल काढून, अर्थात दर वेळी बिन बंद करून, शोधता येतं.

तीन वर्षं कपाटात पडलेलं सामान थेट चालू करायची घाई पुन्हा करू नका. तुमच्याकडची उरलेली मॉड्यूलं आणि दुसरा बिन अजून सुरू केला नसेल तर असं करा. झाकणं काढा आणि नुसतं बघा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची टोपी फुगलेली आहे का, बुडाशी चिकट डाग आहे का. मराठवाड्यात कुंभारमाशी हवेच्या भोकांत मातीचं घर करते, पाली कोपऱ्यात अंडी घालतात, उंदीर वायर कुरतडतात. हे सगळं मी उघडलेल्या डब्यांत सापडलेलं आहे. मातीचं घर ओलं करून काढू नका, लाकडी काडीने कोरडंच सोडवा. जुन्या टँटलम कपॅसिटरचे थेंबासारखे रंगीत दाणे दिसले की लक्षात ठेवा: वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर ते कधी कधी शॉर्ट होऊनच जातात, धुरासकट. म्हणून पहिल्यांदा रिकामा बिन सुरू करा, एकही मॉड्यूल न घालता, आणि तोही डिमरस्टॅटवरून, म्हणजे व्होल्टेज हळूहळू चढवता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून. ५० व्होल्टपासून अर्ध्या-पाऊण तासात २३० पर्यंत चढवा, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर पुन्हा बांधला जातो. डिमरस्टॅट नसेल तर रेडिओ दुरुस्त करणारे वापरतात तसा सिरीज बल्ब लावा, १०० वॅटचा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लखलखत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. सहाही व्होल्टेज बरोबर आले की मगच एकेक मॉड्यूल.

घर्षणाने साठणाऱ्या विजेची काळजी तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहे. आम्ही समुद्राकाठी. आमचा शत्रू दमट खारी हवा. तुमच्याकडे फेब्रुवारी ते मे हवा इतकी कोरडी असते की टेरिकॉटचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो. तो आवाज ऐकू येतो तेव्हा अंगावर कित्येक हजार व्होल्ट असतात. माणसाच्या बोटाला ठिणगी जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात, आणि उघड्या गेटला मारायला काही दहा व्होल्ट पुरतात. शरीराची धारिता १०० पिकोफॅरड धरली तर ३००० व्होल्टला ०.४५ मिलिज्यूल ऊर्जा होते. आपल्याला मुंगीही चावली नाही असं वाटेल, पण मायक्रॉनभर जाडीच्या थराला ती भारी आहे. बंद डब्यातल्या मॉड्यूलला याचा फारसा धोका नाही, धातूचं आवरण त्याला सांभाळतं. धोका आहे झाकण उघडल्यावर आणि प्रीअँपच्या इनपुटवर. तिथे मनगटी पट्टा वापरा, ज्यात १ मेगाओमचा रोध आहे असाच. तो रोध तुमच्या जिवासाठी असतो. कुणी "नुसती तांब्याची तार गुंडाळली तरी चालतं" म्हणालं तर ऐकू नका, चुकून २३० ला हात लागला तर ती तार फाशी होईल. त्याच कारणाने उच्च दाब चालू असलेल्या यंत्रणेवर काम करताना पट्टा काढून ठेवायचा. पट्टा नसेल त्या दिवशी निदान बिनच्या उघड्या धातूला हात लावून मग मॉड्यूलला हात लावा, आणि प्रीअँपच्या इनपुटवर कधीही बोट नको. काम नसताना तिथे टोपी चढवून ठेवा.

आता पावसाळा, धूळ आणि उष्णता. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी कमी केलं की साधारण दुप्पट होतं, म्हणून हवेचा मार्ग मोकळा ठेवणं ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती. पंख्याची जाळी महिन्याला काढून झटका, धुतली तर पूर्ण वाळवून लावा. रिकाम्या खणांवर कोऱ्या पट्ट्या लावा. पट्टी नसली की हवा जवळच्या वाटेने बाहेर पळते आणि भरलेले खण तापतात. बिनवर वही, डबा, कापड ठेवायचं नाही. वातानुकूलन असेल तर दिवसा गार आणि रात्री बंद असा खेळ पावसाळ्यात करू नका. गार झालेल्या धातूवर दमट हवा आली की दव धरतं. वातानुकूलन नसलं तरी चालेल, पण बिन रोज दोन तास तरी चालू ठेवा, आतली ऊबच ओल बाहेर काढते. कपाटात ठेवलेल्या मॉड्यूलांसोबत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, आणि निळ्या दाण्यांचा रंग गुलाबी झाला की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापरा. हे भाजणं प्रयोगशाळेतल्या वेगळ्या तव्यावर, कारण निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो.

कनेक्टरच्या पिना साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड. पेन्सिलचा खोडरबर घासण्याची जुनी पद्धत सोडा, खास करून सोन्याचा मुलामा असलेल्या पिनांवर. मुलामा अगदी पातळ असतो, रबरातली वाळू तो खरवडते, आणि खालचा धातू पुढच्या पावसाळ्यात काळा पडतो. डिटेक्टरच्या पुढच्या सोनेरी पृष्ठभागाला तर काहीच लावायचं नाही. बोट नाही, कापूस नाही, फुंकरही नाही. धूळ पडली असेल तर कोरड्या नायट्रोजनची हलकी झुळूक, बस.

केबलांबद्दल थोडक्यात, पण यातली एक गोष्ट जिवाची आहे. उच्च दाबाचे जुने एमएचव्ही कनेक्टर दिसायला हुबेहूब बीएनसीसारखे असतात. जोर लावला तर एकमेकांत अर्धवट बसतातही, आणि मग सिग्नलच्या केबलवर हजार-दोन हजार व्होल्ट येऊ शकतात. त्याऐवजी वापरायचा एसएचव्ही कनेक्टर लांब असतो, मधली पिन खोल आत असते, आणि काढताना उच्च दाबाचा संपर्क आधी तुटतो, अर्थचा नंतर. तुमच्या सामानात एमएचव्ही असतील तर ते बदलून घ्या, तोवर त्यांवर लाल टेप गुंडाळा. सोडियम आयोडाइड आणि फोटोमल्टिप्लायरचा, म्हणजे उच्च दाब लागणारा गॅमा किरणांचा प्रयोग लावणार असाल तर हे आधी करा, नंतर नाही. लेमो (छोटे, ओढून काढायचे) कनेक्टर काढताना बाहेरची खरखरीत बाही ओढायची, केबल नाही. केबल ओढली की आतली तार तुटते, बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि दोन दिवस शोधण्यात जातात. वेगवान लॉजिकच्या केबलच्या टोकाला ५० ओम असायलाच हवेत, नाहीतर पल्स परत फिरून एकाचे दोन मोजले जातात. केबलची गुंडाळी तळहातापेक्षा लहान करू नका.

अर्थिंग हा वेगळ्या उत्तराचा विषय आहे, तरी इतकं: सगळे बिन, ऑसिलोस्कोप, संगणक आणि निर्वात पंप एकाच अर्थ पट्टीवर, पण पंप वेगळ्या सर्किटवर. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मल्टीमीटरने मोजा. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त आला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. ५० हर्ट्झची घरघर घालवण्यासाठी कुणी ऑसिलोस्कोपची अर्थची पिन काढून टाकली असेल तर ती पिन आजच परत लावा.

पुढे कधी कॅमॅक किंवा व्हीएमई क्रेट (निमसारख्याच, पण संगणकाशी जोडायच्या कार्डांच्या चौकटी) मिळालेच, तर तिथे एकच नियम निमपेक्षाही कडक आहे: वीज चालू असताना कार्ड हलवायचं नाही. कॅमॅकचा ८६ संपर्कांचा कनेक्टर कार्डाच्या कडेवरच असतो, कार्ड जरा तिरकं गेलं की २४ व्होल्टची रेघ शेजारच्या सिग्नलला टेकते. व्हीएमईत ५ व्होल्टच्या रेषेवर क्रेट १०० अँपिअरच्या आसपास देऊ शकतो. तिथला शॉर्ट फ्यूज उडायची वाट बघत नाही, तांबं जाळतो.

आता तुमचा मेलेला प्रीअँप. बायस शून्य, डिटेक्टर वेगळा, इनपुटवर टोपी. प्रीअँपला वीज द्या आणि टेस्ट इनपुटवर पल्सर (चाचणीचे पल्स देणारं उपकरण) लावा. आउटपुट हललं नाही आणि डीसी पातळी एखाद्या टोकाला चिकटलेली दिसली तर फेट गेला. सर्किटचा नकाशा मिळाला तर तो बदलणं तुमच्या विभागातही जमेल. डाखणी (सोल्डरिंग आयर्न) अर्थ केलेली हवी, मनगटी पट्टा हवा. आणि आतल्या काचेच्या नळीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या रोधांना बोट लावू नका. बोटाचं तेल त्या काचेवरून प्रवाहाला वाट करून देतं आणि दुरुस्त केलेला प्रीअँप आधीपेक्षा जास्त गोंगाट करतो. चुकून लागलंच तर अल्कोहोलने पुसून वाळू द्या.

नवा फेट बसवला की लगेच डिटेक्टर जोडू नका. आधी डिटेक्टरची गळती अंधारात, निर्वातात, बायस दहा-दहा व्होल्टनी चढवत, प्रीअँप न जोडता मोजा, कारण त्या दिवशीच्या उजेडात त्यालाही काही झालं असेल तर तो नव्या फेटवरही ताण आणेल. गळती स्थिर आणि कमी निघाली तर जोडा. अमेरिशियम-२४१ या अल्फा सोर्सचं ५.४८६ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचं शिखर घ्या, त्याची रुंदी वहीच्या पहिल्या पानावर लिहा, शेजारी गळती, बायस, खोलीचं तापमान आणि तारीख. दर सोमवारी तेच पुन्हा. ज्या मुलाच्या हातून हे झालं, ती वही त्याच्याकडेच द्या.